वीजबिलाचा आकडा आणि घराचा उंबरठा



आमच्या वसाहतीत तळमजल्यावर एक निवृत्त गिरणी कामगार राहतात. सगळी वसाहत त्यांना बापू म्हणते. आयुष्यभर कापसाची धूळ छातीत गेली. त्यात २०२१ साली करोना झाला. जीव वाचला, पण फुप्फुसे कामातून गेली. डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजनचे मशीन लावायला सांगितले. मुलाने पतपेढीचे कर्ज काढून मशीन आणले. तेव्हापासून ते खाटेशेजारी रात्रंदिवस घुरघुरत असते.

त्या खोलीत पूर्वी महिन्याला ९५ युनिट वीज जळत असे. आता ती साडेतीनशे युनिटांच्या घरात गेली. काही महिन्यांनी एका दुपारी वीज कंपनीचे भरारी पथक दारात उभे राहिले. मुलगा कामावर गेलेला. सून भाकऱ्या थापत होती. साहेबांनी उंबरठ्यावरूनच विचारले, "ताई, घरात कसला कारखाना चालतो?"

ती बिचारी गोंधळली. पिठाच्या हातानेच तिने आतल्या खाटेकडे बोट दाखवले. "साहेब, हाच आमचा कारखाना. सासऱ्यांचा श्वास चालवायचा."

साहेब सज्जन होते. त्यांनी मशीन पाहिले, डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली आणि ते निघून गेले. पण प्रकरण तेवढ्यावर संपले नाही. पथक आलेले सगळ्यांनी पाहिले होते, ते का आले हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. संध्याकाळपर्यंत नळावर कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले आकडा टाकला असेल, कोणी म्हणाले दोन नंबरचा धंदा असेल. आणि बापूंनी त्या रात्रीपासून काय केले? सगळे झोपले की ते हळूच हात लांबवून मशीन बंद करू लागले. बिल कमी यावे, पुन्हा कोणी साहेब दारात येऊ नये, सुनेला पुन्हा जबाब द्यावा लागू नये म्हणून! आठ-दहा दिवसांनी मुलाला पहाटे जाग आली. पाहतो तो बापूंचे ओठ काळे-निळे पडलेले. वेळीच लक्षात आले म्हणून ते आज आपल्यात आहेत.

मी कारकून माणूस. आकड्यांशी माझा रोजचा संबंध. पण वीजबिलावरचा एक आकडा माणसाला श्वास घ्यायची भीती घालू शकतो, हे मला त्या दिवशी कळले. या विषयावर मी वाचू लागलो तेव्हा दिसले की हा प्रश्न एकट्या बापूंच्या खोलीचा नाही. जगात अनेक ठिकाणी आज वीजबिलावरून पोलीस लोकांच्या घरावर संशय घेत आहेत. त्या संशयाला एक नवे नावही मिळाले आहे : क्रिप्टो मायनिंग.

हे मायनिंग म्हणजे काय?

तरुण मुलांच्या तोंडी 'बिटकॉइन' हा शब्द आपण ऐकतो. जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेले हे संगणकावरचे चलन आहे. त्याला नोट नाही, नाणे नाही, मागे रिझर्व्ह बँक नाही. कोणी कोणाला किती दिले याची एक खातेवही जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली असते. साधारण दर दहा मिनिटांनी त्या वहीला एक नवे पान जोडले जाते. ते पान कोणी जोडायचे हे ठरवण्यासाठी शर्यत लागते. एक विशिष्ट उत्तर अंदाजाने शोधायचे असते. त्यासाठी संगणक एका सेकंदात अब्जावधी वेळा प्रयत्न करतात. ज्याचे उत्तर आधी निघेल त्याला बक्षीस म्हणून नवे बिटकॉइन मिळतात. सुरुवातीला हे बक्षीस ५० बिटकॉइनचे होते. साधारण दर चार वर्षांनी ते निम्मे होत आले. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ बिटकॉइन आहे. खाणीत खोदत बसावे आणि कधीतरी सोने लागावे, तसा हा प्रकार म्हणून त्याला मायनिंग, म्हणजे खाणकाम म्हणतात.

या खाणकामात कुदळ-फावडे नसते. असते ती फक्त वीज. पूर्वी घरच्या संगणकावरही हे काम चाले. आता त्यासाठी खास यंत्रे निघाली आहेत. त्यांतले एक प्रसिद्ध यंत्र सुमारे ३२५० वॅटचे आहे. हिशेब आपणच करू. ३२५० वॅट म्हणजे तासाला सव्वातीन युनिट. ते २४ तास बंद होत नाही, म्हणजे दिवसाला ७८ युनिट. महिन्याला २३४० युनिट! ९५ युनिट जाळणाऱ्या आमच्यासारख्या जवळजवळ पंचवीस खोल्यांची वीज हे एकटे यंत्र खाते. शिवाय ते भट्टीसारखे तापते आणि पंख्यांचा आवाज गिरणीच्या खात्याची आठवण करून देतो.

यंत्राच्या मालकाचा नफा-तोटा सर्वस्वी विजेच्या दरावर ठरतो. म्हणून जिथे वीज स्वस्त, तिकडे ही यंत्रे धावतात. आणि जिथे वीज फुकट मिळेल, म्हणजे चोरता येईल, तिथे तर काही माणसांची नियत हमखास बिघडते.

कुवेतमधली धाड

कुवेत हा देश आपल्याला परका नाही. तिथे सुमारे दहा लाख भारतीय पोट भरतात आणि आपल्या महाराष्ट्रातली माणसेही त्यांत आहेत. तिथे सरकार विजेवर प्रचंड सवलत देते, त्यामुळे बिल अगदी नाममात्र येते. पण उन्हाळ्यात तापमान ५० अंशांजवळ जाते, घरोघर वातानुकूलन यंत्रे चालतात आणि वीज कमी पडू लागते.

२०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत कुवेतच्या गृहखात्याने दक्षिणेकडील अल-वफ्रा भागात घरांवर धाडी घातल्या. तिथली सुमारे शंभर घरे मायनिंगसाठी वापरली जात असल्याचे वीज खात्याचे म्हणणे होते. त्यांतल्या काही घरांचा वापर नेहमीच्या घराच्या वीसपटीपर्यंत गेला होता. कारवाईनंतर एका आठवड्यात त्या भागातला वीजवापर ५५ टक्क्यांनी घटला, असे सरकारने जाहीर केले.

हे आकडे पाहिल्यावर कारवाई का झाली ते समजते. सवलतीची वीज ही जनतेच्या पैशाची वीज. ती मूठभर लोकांनी अशी जाळली तर अंधार बाकीच्यांच्या घरी होतो. इराणमध्येही हेच घडले. तिथे २०१९ मध्ये परवाना घेऊन मायनिंग करायला मुभा दिली होती. २०२१ च्या उन्हाळ्यात शहरे अंधारात जाऊ लागली, तेव्हा सरकारला मे महिन्यात चार महिन्यांसाठी सर्वच मायनिंगवर बंदी घालावी लागली. आपल्या वस्तीत एखाद्याने आकडा टाकला की रोहित्रावर भार येतो. मग ते जळते आणि नियमाने बिल भरणारा चार दिवस घामाघूम होतो. तेव्हा वीजचोराची बाजू घेण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

प्रश्न वेगळाच आहे. चोर शोधण्यासाठी प्रत्येक घराच्या बिलात डोकावायचे का? आणि बिलात दिसलेल्या आकड्यावरून थेट दार ठोठवायचे का?

संशय गांजाचा, सापडले संगणक

इंग्लंड-अमेरिकेत हा संशय मायनिंगच्या आधीपासूनचा आहे. तिकडे काही लोक बंद खोलीत प्रखर दिव्यांखाली चोरून गांजा पिकवतात. त्याला वीज खूप लागते. म्हणून तिथल्या पोलिसांना एक सवय लागली : जास्त वीज दिसली की गांजा असणार!

मे २०२१ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी सँडवेल भागातल्या एका औद्योगिक गाळ्यावर वॉरंट घेऊन धाड घातली. गाळ्यात दिवसभर माणसांची ये-जा, बाहेर दिसणाऱ्या वायरी आणि हवा खेळवणारे नळ, अशी माहिती त्यांच्याकडे होती. पोलिसांच्या ड्रोनलाही आत प्रचंड उष्णता जाणवली होती. दार उघडले तर आत गांजाचे एक पानही नाही. होते ते सुमारे शंभर संगणक, रांगेत बसून बिटकॉइन शोधणारे. मात्र वीज चोरीची होती. मीटर टाळून थेट जोडणी केलेली होती.

अमेरिकेच्या ओहायो राज्यातले उदाहरण उलट आहे. तिथले पोलीस वीज कंपन्यांकडून लोकांच्या वापराचे आकडे सर्रास मागवतात, अशी बातमी २०११ च्या सुरुवातीला कोलंबस शहराच्या वर्तमानपत्रात आली. महिन्याला निदान साठ मागण्या जात होत्या. त्याच बातमीत एका केंद्रीय अधिकाऱ्याने कबूल केले की, एका घरात मोठी गांजाची शेती असणार अशा समजुतीने आम्ही गेलो, पण त्या माणसाचा संगणकांचा काहीतरी व्यवसाय निघाला. घर संगणकांनी भरलेले होते, एवढेच! तेव्हा बिटकॉइन दोन वर्षांचे पोर होते. ही बातमी वाचून घरी मायनिंग करणारे अनेकजण घाबरले. उद्या आपल्याही दारात पोलीस आले तर?

या दोन उदाहरणांत एक गंमत आहे, ती नीट पाहा. सँडवेलच्या चोराने वीज मीटरवर येऊच दिली नाही. म्हणजे बिलात तो सापडलाच नसता. ज्याला चोरी करायची तो मीटरला कळू देत नाही. बिलात मोठा आकडा कोणाचा दिसतो? जो मीटरमधून वीज घेतो आणि बिल भरतो त्याचा! कुवेतसारख्या ठिकाणी, जिथे वीज जवळजवळ फुकट, तिथे मोठ्या आकड्याला काही अर्थ असेलही. पण एरवी मोठ्या बिलावरून चोर शोधणे म्हणजे तिकीट काढून बसलेल्या प्रवाशाकडेच पुन्हा पुन्हा तिकीट मागण्यासारखे आहे. बापूंच्या बाबतीत तरी दुसरे काय घडले?

संशयालाही जात असते

कॅलिफोर्निया राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटो येथे, वीजपुरवठा लोकांच्याच मालकीची एक सार्वजनिक संस्था करते. ही संस्था वर्षानुवर्षे जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांची माहिती पोलिसांना देत होती. एका घराविषयी तक्रार आली म्हणून त्या घराची माहिती दिली, असे नव्हे. टपालाच्या पिनकोडप्रमाणे संपूर्ण भागच्या भाग चाळून याद्या काढल्या जात. सुमारे दहा वर्षांत अशा ३३ हजारांहून अधिक खबरा पोलिसांकडे गेल्या.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये आशियाई वंशाच्या नागरिकांची एक संघटना याविरुद्ध न्यायालयात गेली. याचिकेत गंभीर आरोप होता. पोलिसांनी एका यादीतून आशियाई नसलेली नावे गाळली आणि आशियाई नावे तेवढी तपासासाठी ठेवली, असे त्यात म्हटले होते. आशियातून येऊन स्थायिक झालेल्या एका ग्राहकावर तर पोलिसांनी दोनदा गांजाचा आळ घेतला. प्रत्यक्षात त्याची वीज जळत होती ती उपचाराच्या उपकरणांवर. आमच्या बापूंचा हा सातासमुद्रापलीकडचा भाऊच म्हणायचा!

नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने हा प्रकार राज्याच्या कायद्याविरुद्ध ठरवला. गुन्हा घडल्याची कोणतीही खबर नसताना, काहीतरी सापडेल या आशेने सरसकट सगळ्यांची माहिती मागवणे याला तपास म्हणता येत नाही, हे त्या निर्णयाचे सार आहे.

आपल्या वाचकांना यातला अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. यादी यंत्राने काढली तरी त्या यादीतले कोणते दार ठोठवायचे हे माणूसच ठरवतो. माणूस ठरवताना नाव बघतो, आडनाव बघतो, वस्ती बघतो. बंगल्यात दोन हजार युनिट जळले तर 'एसी असतील' म्हणतात. झोपडपट्टीत साडेतीनशे जळले तर 'काय चालते बघा' म्हणतात.

मीटर काय काय सांगतो?

जुना चकतीचा मीटर महिन्यातून एकदा एकच आकडा सांगत असे. आताचा स्मार्ट मीटर दर काही मिनिटांनी नोंद घेतो आणि ती दूरवर पाठवतो. त्या नोंदींवरून घरातली माणसे कधी उठतात, कधी कामावर जातात, रात्री कोण जागे असते, घर कधी रिकामे असते, हे सांगता येते. पोलीस सोडा, ही माहिती चोराच्या हाती लागली तर?

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिल शहरात दर १५ मिनिटांनी नोंद घेणारे मीटर सक्तीने बसवले, तेव्हा नागरिक न्यायालयात गेले. २०१८ मध्ये तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितले की अशी नोंद घेणे ही घराची झडतीच आहे. ती झडती वीजव्यवस्थेसाठी आहे, गुन्हेगार पकडण्यासाठी नाही, म्हणून न्यायालयाने ती चालवून घेतली. पण ही माहिती पोलिसांना सहज मिळू लागली तर आमचा निर्णय वेगळा होऊ शकेल, असा इशाराही दिला.

त्याआधी २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर डॅनी कायलो याचा खटला आला होता. पोलिसांनी त्याची वीजबिले पाहिली आणि रस्त्यावरून एका यंत्राने त्याच्या घराच्या भिंतींची उष्णता मोजली. त्यावरून वॉरंट काढले आणि आत गांजाची रोपे सापडलीसुद्धा! तरीही पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालय म्हणाले की, वॉरंटशिवाय यंत्राने घरात डोकावणे बेकायदा आहे. कारण भिंतीची उष्णता कळली की घरातली बाई रात्री कोणत्या वेळी अंघोळ करते हेही कळेल. गुन्हेगार सापडला म्हणून सगळ्यांच्या भिंती काचेच्या करता येत नाहीत, हा त्याचा मथितार्थ.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०२१ च्या योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. महाराष्ट्रात २०२४ मध्ये प्रीपेड मीटरविरुद्ध मोर्चे निघाले. लोकांचा राग बिल वाढण्यावर होता, आणि तो रास्त होता. पण मीटर आपल्याविषयी काय नोंदवतो आणि ती नोंद कोणाकोणाला दिली जाते, हा प्रश्न त्या मोर्च्यांत फारसा ऐकू आला नाही. तो आता विचारला पाहिजे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. परंतु सरकारी यंत्रणांना त्यात सवलतीच्या वाटा भरपूर आहेत.

बाबासाहेबांनी दोन्ही गोष्टी पाहिल्या होत्या

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा वीज हा विषयही त्यांच्याकडे होता, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत वीज आणि सार्वजनिक बांधकाम धोरण समितीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणून त्यांनी भाषण केले. दारिद्र्यातून सुटायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी स्वस्त व मुबलक वीज हवी, अशी त्यांची मांडणी होती. वीज ही त्यांच्या लेखी श्रीमंतांची चैन नव्हती, गरिबाच्या मुक्तीचे साधन होती.

त्याच बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केले, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' म्हणून जे प्रसिद्ध आहे, त्यात एक कलम घातले होते. लोकांचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू अवाजवी झडती व जप्तीपासून सुरक्षित राहतील, आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघणार नाही, असे ते कलम होते. पुढे संविधानाच्या मूलभूत हक्कांत हे कलम जसेच्या तसे आले नाही. पण ज्यांच्या घरात कोणीही केव्हाही घुसू शकत होते, त्या माणसांच्या नेत्याला उंबरठ्याची किंमत किती वाटत होती, हे त्यावरून दिसते.

न्यायालयांना तिथपर्यंत पोहोचायला वेळ लागला. उत्तर प्रदेशातल्या खडकसिंग नावाच्या माणसाला दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सोडून दिले होते. तरी पोलीस रात्री-अपरात्री त्याच्या घरी जाऊन दार वाजवत. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, मात्र खाजगीपणाचा हक्क मान्य केला नाही. तो मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ हा दिवस उजाडावा लागला. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हा हक्क बंगल्याला जेवढा, तेवढाच दहा बाय दहाच्या खोलीलाही आहे.

आपण काय करावे?

क्रिप्टोच्या व्यवहारावर आपल्या देशात बंदी नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्यातल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. पण उद्या कोणी गोड बोलून सांगेल, "आमचे यंत्र तुमच्या खोलीत ठेवा, महिन्याला भाडे देतो." भुलू नका. जोडणी तुमच्या नावाची असते आणि जबाब तुम्हालाच द्यावा लागतो. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे ज्या कामासाठी वीज मंजूर आहे त्याहून वेगळ्या कामासाठी वापरली तर जादा आकारणी होते. शिलाईची चार यंत्रे घरात टाकणाऱ्या भगिनींनीही हे लक्षात ठेवावे आणि वीज कार्यालयात चौकशी करून मंजूर भार व दर आधीच नीट करून घ्यावा.

अशी आकारणी झाली तर घाबरून लगेच सही करू नये. आधी तात्पुरती आकारणी येते. तिच्यावर लेखी हरकत घेण्याचा आणि म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. अंतिम आदेशावर ३० दिवसांत अपील करता येते, पण त्यासाठी निम्मी रक्कम भरावी लागते.

वीजचोरीच्या संशयावरून झडती कलम १३५ खाली होते. ती शासनाने अधिकार दिलेला अधिकारीच घेऊ शकतो. म्हणून आधी ओळखपत्र पाहावे आणि अधिकाराविषयी नम्रपणे विचारावे. झडतीच्या वेळी घरातल्या कोणीतरी हजर राहायचे असते. जप्त वस्तूंची यादी करून ती आपल्याला द्यावी लागते. आणखी एक तरतूद प्रत्येक घरातल्या बाईला पाठ असावी. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात, घरात राहणारा प्रौढ पुरुष हजर नसेल, तर राहत्या घराची तपासणी किंवा झडती घेता येत नाही. रात्री पथक आले आणि घरात पुरुषमाणूस नसेल तर "साहेब, सकाळी या" असे सांगण्याचा कायदेशीर अधिकार तिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे पोलिसांच्या झडतीचे चित्रीकरणही व्हायला हवे. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये. मात्र अंगावर धावून जाणे, वाट अडवणे असले प्रकार करू नयेत, त्याने आपलीच बाजू लंगडी पडते.

आणि साधी गोष्ट, गेल्या बारा महिन्यांची बिले एका पिशवीत ठेवा. घरात रुग्णाचे उपकरण असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि खरेदीची पावती त्याच पिशवीत ठेवा. महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला मीटरचा आकडा मुलांकडून वहीत लिहून घ्या. त्यांना हिशेबाची सवय लागेल आणि आपल्याला पुरावा मिळेल.

शेवटी शेजाऱ्यांविषयी. पथक येऊन गेले, त्यांचे काम झाले. बापूंना मशीन बंद करायला लावले ते मात्र नळावरच्या कुजबुजीने, आणि त्या कुजबुजीत आम्ही सगळेच होतो. कोणाच्या दारात साहेब आलेला दिसला तर कुजबुजण्याऐवजी दोघा-चौघांनी जाऊन "काय मदत हवी?" असे विचारले असते तर?

हे आम्हाला उशिरा सुचले, पण सुचले. पुढच्याच रविवारी वंदनेनंतर बुद्धविहारात बापूंच्या मुलाने चारचौघांसमोर हिशेब मांडला. मशीन ३५० वॅटचे, दिवसाला साडेआठ युनिट, महिन्याला अडीचशे. फळ्यावर खडूने लिहिलेले ते गणित सगळ्यांनी पाहिले. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्यांत जास्त बोलणारी आमची एक वहिनी बापूंच्या घरी भाजी घेऊन गेली. म्हणाली, "बापू, रात्री मशीन बंद केलंत तर मला आवाज येईनासा होतो, मग झोप लागत नाही. चालू ठेवत जा."

मशीन आता रात्रभर चालू असते.

जयभीम!